अंगदाची लांबलेली शिष्टाई

महिन्याला २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७०० हून अधिक. त्याच देशातल्या सामान्य माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांच्याही आत. २ मार्च १९३० रोजी साबरमती आश्रमातून व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी हा हिशेब मांडला आणि त्याच्या शेजारी दुसरा ठेवला. इंग्लंडच्या पंतप्रधानांना वर्षाला ५,००० पौंड मिळतात. तिथल्या माणसाच्या सरासरी कमाईच्या ते सुमारे नव्वदपट. व्हाइसरॉयना मिळते ते इथल्या माणसाच्या पाच हजारपटीहून जास्त. ब्रिटिश राज्याला या पत्रात शाप म्हटले आहे. पण कुणा एका इंग्रजाविषयी त्यात कडवटपणा नाही. शेतसारा, मिठावरचा कर, राज्यकारभाराचा खर्च अशा एकेका बाबीवर बोट ठेवत पत्र पुढे सरकते आणि शेवटी तारीख देते. तोवर काही घडले नाही तर मिठाचा कायदा मोडला जाईल.

हे पत्र टपालाने गेले नाही. ते दिल्लीला नेऊन देण्यासाठी गांधीजींनी एक इंग्रज निवडला. रेजिनाल्ड रेनॉल्ड्स त्याचे नाव, १९०५ चा जन्म, म्हणजे वय चोवीस-पंचवीस. आश्रमात येऊन त्याला काही महिनेच झाले होते. पत्र हाती देण्यापूर्वी ते नीट वाचून घे, असे गांधीजींनी त्याला बजावले. मजकूर पटत नसेल तर तो घेऊन जाऊ नये, एवढी मोकळीक त्यात होती. पटल्यावर तो खादी घालून दिल्लीला गेला. व्हाइसरॉयकडून उत्तर आले ते सचिवाच्या सहीचे, चार ओळींचे: कायद्याचा भंग होईल आणि शांतता धोक्यात येईल अशा मार्गाला आपण जात आहात याचा खेद वाटतो. १२ मार्चला गांधीजी दांडीच्या वाटेला लागले.

या तरुणाला गांधीजी पुढे पत्रांतून ‘अंगद’ म्हणू लागले. रामाचा निरोप घेऊन रावणाच्या दरबारात गेलेला, तिथे पाय रोवून उभा राहिलेला वालीपुत्र अंगद आपल्याकडे कीर्तनातून, सोंगांतून घराघरांत पोचलेला आहे. पण या नावात एक गंमत आहे, आणि मिस्कील गांधीजींना ती कळली नसेल असे मला वाटत नाही. रामायणातला अंगद परक्या दरबारात गेला होता. हा अंगद गेला तो आपल्याच लोकांच्या दरबारात, आणि तिथे परक्यांची बाजू घेऊन.

रेनॉल्ड्स यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते एवढ्याच प्रसंगापुरते, बहुधा एका वाक्यात. त्या वाक्यानंतर ते अठ्ठावीस वर्षे जगले, वर्तमानपत्री लेखणीवर पोट भरले, दीड डझनाच्या आसपास पुस्तके लिहिली, आणि इतिहास हे आपले काम आहे असे कुठल्याही विद्यापीठाला न विचारता ठरवून टाकले. पुढच्या पानांतले चरित्र त्या अठ्ठावीस वर्षांचे आहे. ते वर्धा जिल्ह्यातल्या देवळीहून निघावे याचे काहींना नवल वाटेल. सेवाग्राम इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गांधीजींच्या गोतावळ्यातल्या माणसांविषयी आमच्या भागात कुतूहल असणे साहजिकच. पण देवळीला या माणसाशी जोडणारा दुसरा धागा अधिक पक्का आहे, आणि तो कापसाचा आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी त्यांची घडण. रेनॉल्ड्स क्वेकर घराण्यातले. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक छोटा पंथ. यांच्या प्रार्थनेला पुरोहित लागत नाही. मंडळी एकत्र येतात, शांत बसतात, कुणाला आतून काही सांगावेसे वाटले तर तो उठून बोलतो, नाहीतर तासभर कुणीच बोलत नाही. शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचे नाही, कुणापुढे टोपी काढायची नाही अशा बाण्यामुळे सतराव्या शतकात या लोकांनी तुरुंग पाहिले आणि पुढे गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात ते आघाडीवर राहिले. आपल्या जुन्या मध्य प्रांताला ते अपरिचित नव्हते. होशंगाबादच्या बाजूला त्यांचे मिशन एकोणिसाव्या शतकापासून होते. सेवाग्रामच्या नई तालीमचे काम पुढे ज्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले त्या मार्जोरी साइक्स याही क्वेकरच. बर्मिंगहॅमजवळ या पंथाचे वुडब्रुक नावाचे अभ्यासकेंद्र होते. तिथे होरेस अलेक्झांडर शिकवत असत. हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात पुढे अनेकदा मध्यस्थी करणारे हेच ते अलेक्झांडर. वुडब्रुकच्या वाटेने रेनॉल्ड्स १९२९ मध्ये साबरमतीला पोचले.

अठराव्या शतकातला अमेरिकन क्वेकर जॉन वुलमन हा रेनॉल्ड्स यांचा आवडता माणूस. १९४८ मध्ये त्यांनी त्याच्या विचारांचे एक पुस्तक केले. हा वुलमन बिनरंगाचे कपडे घाले, आणि ज्या मालाला गुलामांच्या घामाचा वास आहे तो शक्यतो घरात येऊ देत नसे. अंगावरचे कापड कुणी विणले आणि त्याला काय मिळाले, हा प्रश्न रेनॉल्ड्स खादी पाहण्यापूर्वीच घरातून शिकून आले होते. त्यांना साबरमतीत घडलेला इंग्रज म्हणण्यापेक्षा साबरमतीत आपल्या घरचेच काही ओळखीचे सापडलेला इंग्रज म्हणणे मला अधिक बरोबर वाटते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी जे केले त्याला त्या काळच्या मराठी माणसाने एका शब्दात ‘चळवळ्या’ म्हटले असते. हिंदुस्थानच्या मित्रांची संस्था, सभा, पत्रके, वर्तमानपत्रांना पत्रे, युद्धविरोधी ‘नो मोअर वॉर मूव्हमेंट’चे सचिवपद. ही संघटना १९३७ मध्ये पीस प्लेज युनियनमध्ये विलीन झाली. या वर्षांविषयी चरित्रात सविस्तर आहे, मी ती ओलांडून पुढे जातो. सभा-समित्यांचे तपशील त्या त्या माणसांना प्राणप्रिय असतात, वाचकाला सगळे सारखेच वाटतात. त्यांतून एक गोष्ट मात्र घडली. व्यासपीठावर उभे राहून साम्राज्याविरुद्ध बोलताना रेनॉल्ड्स यांना पुन्हा पुन्हा तोच प्रतिप्रश्न ऐकावा लागे: रेल्वे कुणी दिली? कायदा कुणी दिला? आम्ही नसतो तर हे लोक आपसांत लढून मेले नसते का? अशा प्रश्नाला घोषणेने उत्तर देता येत नाही. आकडे लागतात, कागद लागतात. पत्रकार इतिहासाकडे वळला तो या गरजेपोटी.

१९३७ मध्ये ‘द व्हाइट साहिब्स इन इंडिया’ हे त्यांचे पुस्तक सेकर अँड वॉरबर्गने काढले. त्याला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींपासून स्वतःच्या काळापर्यंतची हकिगत त्यात आहे. त्याची पद्धत ज्याला वकिली म्हणता येईल अशी: साक्षीदार विरुद्ध पक्षाचेच घ्यायचे. गव्हर्नर, कलेक्टर, पार्लमेंटपुढे दिलेल्या साक्षी, सरकारी अहवाल यांना बोलू द्यायचे. हिंदी देशभक्ताचे म्हणणे इंग्रज वाचक झटकून टाकील. आपल्याच साहेबाचे कसे झटकणार?

ही पद्धत रेनॉल्ड्स यांनी शोधली असे नाही. दादाभाई नौरोजींनी सरकारी आकड्यांवरूनच संपत्तीच्या गळतीचा सिद्धान्त उभा केला, त्यांचा ग्रंथ १९०१ चा. त्याच वर्षी विल्यम डिग्बी या दुसऱ्या ब्रिटिश पत्रकाराचे जाडजूड पुस्तक आले. मद्रासमध्ये वर्तमानपत्र चालवत असताना १८७७ चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. रमेशचंद्र दत्तांचा आर्थिक इतिहास १९०२ आणि १९०४ मध्ये दोन भागांत निघाला. आणि आपण मराठी माणसांनी ज्याचे नाव विसरू नये ते सखाराम गणेश देऊसकर. घराणे मराठी, वास्तव्य बंगाल्यांत, लेखणी बंगाली. ‘हितवादी’त काम करणाऱ्या या पत्रकाराने १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ लिहिले. ते बंगालभर वाचले गेले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्याही मागे गेलो तर १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने खडखडीत पत्रे लिहिणारे भास्कर पांडुरंग तर्खडकर भेटतात. लूट या विषयावर इंग्रजांना इंग्रजीत सुनावणारा मुंबईचा एक तरुण, तोही १८५७ च्या सोळा वर्षे आधी! म्हणजे ज्या रांगेत रेनॉल्ड्स उभे आहेत ती लांब आहे आणि तिच्या टोकाशी एक मराठी माणूस आहे.

रांगेतले बहुतेक जण पत्रकार आहेत, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. पगारी प्राध्यापक तेव्हा लढायांच्या तारखा आणि गव्हर्नर जनरलांच्या कारकिर्दी लावत बसले होते. कुळवाड्याने सारा कुठून भरला, विणकराचा माग का बंद पडला, हे विचारायला वर्तमानपत्रातला माणूस लागला. त्याला रोज कुणीतरी दार ठोठावून असेच काहीतरी सांगत असते.

आता कापूस. रेनॉल्ड्स यांची पद्धत आमच्या काळ्या मातीवर कशी चालते हे दाखवायला एक उदाहरण मी माझ्याकडून जोडतो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस आटला. लँकेशायरच्या कारखानदारांची नजर वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर गेली. हिंगणघाटचा कापूस आधीपासून नावाजलेला. १८६२ मध्ये नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा वेगळा केला गेला. पहिले ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. मग १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवे शहर आखले आणि त्याला वर्धा हे नाव दिले. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. पुढच्या दशकात तिचा एक फाटा हिंगणघाटवरून वरोऱ्याच्या कोळशापर्यंत गेला. देवळी तेव्हापासूनच कापसाची पेठ. जिन आले, प्रेस आले, गाठी बांधून वर्ध्याला आणि तिथून मुंबईच्या बंदराला जाऊ लागल्या. याच पसाऱ्यातली पुलगाव-आर्वी ही छोटी गाडी, जिला आम्ही लाडाने शकुंतला म्हणत आलो, ती स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली.

आता साक्षीदार बोलवू. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी सरकारने एक कापूस आयुक्त नेमला होता, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. मनुष्य कर्तबगार, रसिक, पुढे स्वतःच्या आठवणींचे पुस्तकही लिहिणारा. १८६० च्या दशकाअखेरच्या आपल्या सरकारी अहवालात त्याने एक आशा व्यक्त केली आहे. तिचा सारांश असा: या मुलखात रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड इतके स्वस्त येईल की देशी कापड त्यापुढे टिकणार नाही. मग इथे सूत कातण्यात जिरणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीला मिळतील. त्यांच्याकडून रानाची जमीन फोडून आणखी कापूस लावता येईल.

हे कुणा संतापलेल्या देशभक्ताने केलेले विश्लेषण नाही. सरकारी अधिकारी आपल्या वरिष्ठांना खुशीने सांगतो आहे. विणकर बुडेल ही त्याच्या लेखी योजनेतली खोट नव्हती, योजनाच ती होती. रेनॉल्ड्स अशाच कागदांच्या शोधात असत. अहवालाला रागाने उत्तर देण्याऐवजी तो अहवाल मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मग गप्प बसायचे. क्वेकर प्रार्थनेतही माणूस एवढेच करतो. नागपूर-वर्ध्याच्या कोष्ट्यांच्या आळ्या का ओस पडल्या, हा प्रश्न आमच्याकडे ‘गिरण्या आल्या, जमाना बदलला’ एवढ्यावर सुटतो. जमाना आपोआप बदलत नसतो. तो कधीकधी बदलला जातो आणि त्याची फाइल असते.

पण इथे प्रस्तावनाकाराने फक्त टाळ्या वाजवून चालणार नाही. वकिली इतिहासाची एक अडचण आहे. पिंजऱ्यात उभा केलेला आरोपी एकच असतो. कोर्टाच्या बाकांवर बसलेल्या बाकीच्यांकडे कुणाचे लक्ष जात नाही. आमच्याच भागात १८६० च्या दशकातल्या बंदोबस्ताने पाटलांना मालगुजार केले, गावाची मालकी त्यांच्या नावे लावली. कापसाला भाव आला तेव्हा तो पैसा कुणाच्या वाड्यात गेला, भाव पडला तेव्हा कुणाची पऱ्हाटी सावकाराकडे गहाण पडली, आणि वेचणीला गेलेल्या बाईच्या ओच्यात दोन्ही वेळा काय आले? हे प्रश्न लंडनमध्ये बसून पार्लमेंटचे कागद चाळणाऱ्याला सुचणे कठीण. जोतीराव फुल्यांना ते १८८० च्या दशकात सुचले होते, कारण त्यांनी कलेक्टर आणि कुलकर्णी दोघांकडे एकाच वेळी पाहिले. गोऱ्या साहेबाचे पुस्तक देवळीत वाचताना फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ शेजारी असलेला बरा.

दुसरी तुलनाही मला महत्त्वाची वाटते. रेनॉल्ड्स यांच्या आधीच्या पिढीत एडवर्ड थॉम्प्सन नावाचे आणखी एक इंग्रज होऊन गेले. बंगालमध्ये बांकुऱ्याला मिशनच्या कॉलेजात शिकवायला आलेले, रवींद्रनाथांवर लिहिणारे, ‘मँचेस्टर गार्डियन’साठी हिंदुस्थानवर लेख पाठवणारे, आणि नामवंत इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांचे वडील. १८५७ च्या दडपशाहीची इंग्रजांनी झाकून ठेवलेली बाजू त्यांनी १९२५ मध्ये एका लहान पुस्तकात उघड केली. महायुद्ध पेटल्यावर ऑक्टोबर १९३९ मध्ये ते वर्ध्याला येऊन गांधी-नेहरूंशी बोलले. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले यांच्या पाडावाचा इतिहास त्यांनी १९४३ मध्ये ‘द मेकिंग ऑफ द इंडियन प्रिन्सेस’ या ग्रंथात लिहिला. थॉम्प्सन यांची लेखणी अडखळते, उलटसुलट विचार करते. आपल्या लोकांची शरम आणि आपल्या लोकांचा अभिमान ही दोन्ही ओझी ती एकदम उचलते. रेनॉल्ड्स यांना असा संकोच नाही. वाचायला रेनॉल्ड्स मजेदार. वाचून झाल्यावर मनात घोळत राहतात ते थॉम्प्सन. चरित्रकाराला हे मत मान्य नाही, आणि त्यांनी आठव्या प्रकरणात माझा समाचार घेतला आहे. तो वाचकांनी अवश्य वाचावा.

मुंबईकरांना हॉर्निमन सर्कलमुळे बी. जी. हॉर्निमन आठवतील. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक, जालियनवाला बागेच्या दिवसांत १९१९ मध्ये सरकारने उचलून विलायतेला पाठवलेले. चौकाला नाव मिळालेला ब्रिटिश पत्रकार आमच्याकडे हा एकच. रेनॉल्ड्स यांच्या नावाचा चौक नाही. आणि त्यांचे सर्वांत गमतीचे पुस्तक पाहता, त्यांचे नाव कशाला द्यावे हा प्रश्न नगरपालिकेपुढे पडेलच.

कारण ते पुस्तक संडासाचा इतिहास आहे. ‘क्लीनलिनेस अँड गॉडलिनेस’, १९४३. लंडनवर बाँब पडून गेलेले, युद्ध चालू, कागदाचा तुटवडा, आणि हा गृहस्थ मलमूत्राच्या व्यवस्थेचा इतिहास लिहितो आहे! पहिल्या एलिझाबेथच्या दरबारातल्या सर जॉन हॅरिंग्टनने १५९६ मध्ये पाण्याने धुऊन निघणाऱ्या संडासाची कल्पना एका चावट, विद्वत्तापूर्ण पुस्तिकेत मांडली होती. तिचे बोट धरून रेनॉल्ड्स निघतात आणि दर चार पानांनी वाट सोडतात. पुस्तकाचे उपशीर्षकच परिच्छेदाएवढे लांब आहे. 

विनोद बाजूला ठेवला तर खाली गंभीर मुद्दा आहे. माणसाने जमिनीतून घेतलेले जमिनीला परत न देता नदीत सोडून द्यायचे, याला प्रगती कशी म्हणायची? हा मुद्दा त्यांना कुठे भेटला असेल हे वर्धेकराला सांगायला नको. आश्रमात पहिल्या दिवशी पाहुण्याच्या हाती झाडू आणि बादली येई. १९३५ मध्ये मगनवाडीत राहायला आलेली गांधीजींची मंडळी शेजारच्या सिंदी गावात रोज सकाळी उघड्यावरची घाण उचलायला जात. महादेवभाई देसाईंसारखा संपादक, मीराबेनसारखी ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्याची मुलगी, सगळ्यांनी हे केले. गावकरी बाजूला उभे राहून पाहत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसत. तिकडे कोकणात कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धन सोनखताच्या संडासाचे प्रयोग करीत राहिले, आणि भंगीकाम जातीवर राहणार नाही असा आग्रह धरत राहिले. रेनॉल्ड्स यांच्या पुस्तकात खत आहे. जात हा आपला प्रश्न, तो अप्पासाहेबांकडे आहे. दोघेही एका कपाटात हवेत.

‘बेड्स’ आणि ‘बियर्ड्स’, म्हणजे पलंगांचा इतिहास आणि दाढ्यांचा इतिहास, ही त्यांची आणखी दोन पुस्तके त्याच जातकुळीतली. प्रतिष्ठित इतिहासकार अशा विषयांकडे तेव्हा फिरकत नसत. आता विद्यापीठांत रोजच्या जगण्याच्या इतिहासावर प्रबंध लिहिले जातात. रेनॉल्ड्स यांनी हे सारे पोटासाठी केले आणि हसत केले. युद्धाच्या काळात ‘न्यू स्टेट्समन’ साप्ताहिकात त्यांची राजकीय टवाळीची पद्ये नियमित येत. आचार्य अत्र्यांना ज्यांनी वाचले त्यांना विडंबन हे पत्रकाराचे हत्यार कसे असते ते सांगावे लागत नाही.

१९३८ मध्ये त्यांनी एथेल मॅनिन यांच्याशी लग्न केले. मॅनिन त्या काळच्या खपाच्या कादंबरीकार, डाव्या विचारांच्या, नवऱ्यापेक्षा कितीतरी अधिक प्रसिद्ध. या घराचे प्रकरण चरित्रकाराने जीव लावून लिहिले आहे, मी त्यावर बोट ठेवत नाही. जॉर्ज ऑर्वेल यांच्याशी असलेल्या सहकार्याचे मात्र नवल वाटते. युद्धाच्या वर्षांत ऑर्वेल यांनी युद्धविरोधकांवर अत्यंत जहरी लिहिले. युद्धाला नकार म्हणजे हिटलरला मदत, असा त्यांचा सूर होता. रेनॉल्ड्स युद्धविरोधावरून तसूभर हलले नाहीत. आणि तरी १९४८ मध्ये दोघांच्या नावाने ‘ब्रिटिश पॅम्फलेटियर्स’चा पहिला खंड निघाला. सोळाव्या शतकापासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंतच्या चोपड्यांचा तो संग्रह. प्रस्तावना ऑर्वेल यांची, वेचण्याचे-टिपांचे काम मुख्यतः रेनॉल्ड्स यांचे. चार आण्यांची चोपडी काढून सरकारशी भांडणारा माणूस दोघांनाही प्रिय होता. मतभेद असूनही एका कामावर दोघे बसू शकतात, याची आपल्या वाङ्मयीन वर्तुळांना आठवण करून देण्याचा मोह मी आवरतो.

गांधीजी गेले तेव्हा रेनॉल्ड्स इंग्लंडमध्ये होते. १९४९ च्या अखेरीस जगभरच्या शांतिवाद्यांची परिषद हिंदुस्थानात भरली. डिसेंबरच्या सुरुवातीला शांतिनिकेतन आणि शेवटच्या आठवड्यात सेवाग्राम अशा दोन टप्प्यांत. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद, आलेल्यांत व्हेरा ब्रिटनसारख्या लेखिका होत्या. रेनॉल्ड्स त्या निमित्ताने आले. जवळजवळ वीस वर्षांनी भेटणारा हा देश स्वतंत्र झाला होता, फाळणीतून गेला होता, आणि ज्याने त्यांना अंगद म्हटले तो माणूस त्यात नव्हता. परतल्यावर लिहिलेल्या ‘टू लिव्ह इन मॅनकाइंड’ या १९५१ च्या पुस्तकाचे उपशीर्षक गांधींचा शोध असे आहे. प्रवासवर्णन, आठवणी आणि वादविवाद यांची ती सरमिसळ आहे. त्यांच्या पुस्तकांत मला ते सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण त्यात कुणाला पिंजऱ्यात उभे करायचे नव्हते आणि वकिलाचा डगला घरी ठेवावा लागला.

सेवाग्रामला ते आले त्या थंडीत देवळीच्या शिवारात कापसाची वेचणी चालू असणार. त्याच मुलखातल्या विणकरांना शेतमजूर करण्याची आशा रिव्हेट-कार्नॅकने लिहून ठेवली, त्याला तेव्हा ऐंशी वर्षे झाली होती. साहेब गेले होते. गाठी आता आपल्याच गिरण्यांना जात होत्या. कापसाचे भाव शेतकऱ्याने ठरवायचे की व्यापाऱ्याने, हे भांडण मात्र तिथेच होते. राज्याची एकाधिकार खरेदी १९७० च्या दशकात आली, पुढे मोडीत निघाली, आणि भाव ठरवण्याचा अधिकार कुणाकडे असावा हा वाद आजच्या बाजार समितीच्या आवारातही ऐकू येतो. रेनॉल्ड्स यांच्या पुस्तकात या वादाचे उत्तर शोधू नये. प्रश्न कसा विचारायचा आणि कागद कुठे शोधायचा, एवढे त्यातून शिकता येते.

उरलेल्या वर्षांत त्यांनी आफ्रिकेत भटकंती केली. ‘बिवेअर ऑफ आफ्रिकन्स’ हे १९५५ चे पुस्तक कैरोपासून दक्षिणेकडच्या त्या प्रवासातून आले. १९५६ मध्ये ‘माय लाइफ अँड क्राइम्स’ हे आत्मचरित्र लिहिले. १९५८ च्या अखेरीस व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना ऑस्ट्रेलियात त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न.

हे चरित्र सुरुवातीपासून वाचलेच पाहिजे असे नाही. ज्यांना राजकारणात रस आहे त्यांनी १९३० चे प्रकरण वाचून थेट ‘व्हाइट साहिब्स’कडे जावे. ज्यांना राजकारणाचा कंटाळा आहे त्यांनी संडासाच्या प्रकरणापासून प्रारंभ करावा. लेखकाचा स्वभाव तिथे लवकर कळतो. टिपांमध्ये चरित्रकाराने वर्धा जिल्ह्याच्या १९०६ च्या गॅझेटिअरमधले देवळीविषयीचे उतारे मराठीत दिले आहेत. ते रेनॉल्ड्स यांच्याशी थेट संबंधित नाहीत असे कुणी म्हणेल. म्हणो बापडे. मला ते फार आवडले.